किटच्या खोक्यातलं प्लास्टिक: काय काढायचं, काय ठेवायचं

स्केल मॉडेलचं, म्हणजे विमान-रणगाड्यांच्या लहान प्रतिकृतीचं, जोडायचं किट उघडलं की पहिला राग पिशव्यांवर निघतो, कारण त्या खुळखुळतात आणि टेबलभर पसरतात. राग चुकीचा नाही, पण आधी काटा लावावा. 25 बाय 35 सेंटिमीटरची, 40 मायक्रॉनची पॉलिथिनची पिशवी साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरते. अशा तीन पिशव्या म्हणजे वीस ग्रॅम. सगळे पार्ट कापून झाल्यावर उरलेला रनर, म्हणजे पार्टांना धरून ठेवणारी चौकट, त्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. तो पिशव्यांच्या कितीतरी पट निघतो आणि पुष्कळ किटमध्ये पार्टांच्या वजनाच्या जवळपास जातो. म्हणून या लेखात पिशव्यांइतकंच रनरबद्दलही लिहिलंय. पॅकिंग कमी करायचं म्हणताना रनर विसरला, तर मोठा ढीग तसाच राहतो.

खोक्यावरची ताणून बसवलेली पातळ फिल्म मला सगळ्यात निरुपयोगी वाटते. ती फाडली की संपली, पुन्हा कशालाच येत नाही. दुकानदाराला खोकं सीलबंद असल्याचा पुरावा हवा असतो, तेवढ्यासाठी ती असते. काचेच्या शोकेसमध्ये ऊन लागलं की ही फिल्म आणखी आवळते आणि पातळ खोक्याच्या कडा आत दाबते. झाकणाच्या दोन बाजूंना कागदी सील चिकटवलं तरी हेच काम होतं. आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यात मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटच्या पाकिटांवर गुंडाळायची फिल्म आहे. किटच्या खोक्यावरची त्या यादीत नाही. त्यामुळे कायद्याची वाट बघण्यापेक्षा ज्याच्याकडून किट घेता त्याच्याशी बोलणं बरं. उरलेल्या पॅकिंगसाठी 2022 मध्येच उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे, म्हणजे वापरलेल्या पॅकिंगची विल्हेवाट लावायची जबाबदारी ते विकणाऱ्यावर टाकणारे, नियम आले. त्यात उत्पादक आणि ब्रँडमालकांबरोबर आयातदारही येतो. आपल्याकडची बहुतेक किटं परदेशातून येतात, म्हणून हे माहीत असलेलं चांगलं.

आतल्या पिशव्यांची गोष्ट वेगळी. त्यातली प्रत्येक काहीतरी काम करत असते आणि ते काम समजून न घेता पिशवी काढली तर किट खराब होतं. पहिलं काम म्हणजे सुटलेले पार्ट धरून ठेवणं. खोकं हललं की बारीक पार्ट रनरवरून तुटतात. पिशवीत असतील तर सापडतात, नाहीतर खोक्याच्या घडीत शिरून हरवतात. दुसरं काम पारदर्शक पार्ट ओरखड्यांपासून वाचवणं. कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, आणि खिडक्या साध्या पॉलिस्टायरीनच्या असतात. त्यात रबर मिसळलेलं नसतं, त्यामुळे त्या ठिसूळ असतात आणि त्यांच्यावर रेघ लगेच उठते. करड्या पार्टांच्या पॉलिस्टायरीनमध्ये रबर मिसळलेलं असतं, म्हणून ते थोडं वाकतं आणि मार सोसतं. दोन्ही एकाच पिशवीत घातले तर करडा रनर कॅनोपीवर घासतो.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. मऊ टायर आणि काही रणगाड्यांचे पट्टे विनाइलचे, म्हणजे मऊ केलेल्या पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनला विरघळवतं. वर्षभर टायर कॅनोपीला चिकटून पडला तर कॅनोपीवर त्याची नक्षी उमटते. जुन्या मॉडेलमध्ये टायरनं चाक खाल्लेलं दिसतं, तेही यामुळेच. म्हणून टायरची पिशवी कधीही काढू नका. किट दहा वर्षं कपाटात राहणार असेल तर तिच्यावर आणखी एक जुनी पिशवी चढवा.

म्हणजे ठेवायच्या पिशव्या तीन: पारदर्शक पार्टांची, विनाइलची आणि डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांची. करड्या रनरच्या प्रत्येक चौकटीला वेगळी पिशवी असते, ती काढता येते. पण काढताना ती ओढून फाडू नका. वरची शिवण उष्णतेनं चिकटवलेली असते. तिच्या खाली दोन-तीन मिलिमीटर सोडून कात्रीनं सरळ कापा. अशी कापलेली पिशवी पुन्हा वापरता येते, ओढून फाडलेली येत नाही. स्टेपल असेल तर पिन नखानं उघडून काढा आणि मोजून डबीत टाका. रनरमध्ये अडकलेली पिन पुढे ब्लेडची धार घालवते. कापलेल्या पिशव्या चपट्या करून आकारानुसार दोन गठ्ठ्यांत ठेवा, लहान आणि मोठ्या. अर्धवट जोडलेलं मॉडेल धुळीपासून झाकायला, रंग दिलेले सुटे पार्ट वेगळे ठेवायला, कुणाला किट द्यायचं असेल तर पुन्हा भरायला त्या उपयोगी पडतात. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही, म्हणून इपॉक्सी पुट्टी त्यावर कालवता येते. वाळली की सोलून निघते. कुरकुर वाजणारी पिशवी पॉलिप्रॉपिलिनची असते. ती चुरगाळून पुन्हा पसरली की डायोरामातल्या, म्हणजे मॉडेलभोवती उभारलेल्या छोट्या देखाव्यातल्या, पाण्यावरच्या बारीक लाटांसाठी चांगला पाया होतो.

करड्या रनरच्या पिशव्यांच्या जागी काय वापरायचं? कागद, पण कुठलाही नाही. वर्तमानपत्राची शाई हाताला लागते तशी पार्टालाही लागते. वरचा तेलकट थर राहिला तर त्यावर रंग धरत नाही. लागलीच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवा. कढत पाणी घेऊ नका, पातळ पार्ट वाकतात. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चांदीचे दागिने गुंडाळायला जो गुलाबी कागद वापरतात, तो पातळ आणि मऊ आहे. कोरड्या दिवसांत दोन चौकटींमध्ये घालायला तो छान. पण ओल लागली की त्याचा रंग उतरतो, म्हणून पांढऱ्या पार्टांजवळ आणि डिकलजवळ तो नको. बटर पेपर सगळ्यात सुरक्षित. खोक्याच्या मापानं कापून दोन चौकटींमध्ये एकेक ताव घाला आणि सगळा गठ्ठा कागदाच्या दोन इंची पट्टीनं बांधा. रबर बँड लावू नका. उन्हाळ्यात तो चिकट होतो आणि रनरला चिकटून बसतो. तुटलेले बारीक पार्ट एका छोट्या खाकी पाकिटात घाला आणि पाकिटावर चौकटीचं अक्षर व पार्टाचा नंबर लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी तो पार्ट कशाचा हे ओळखता येत नाही.

कोल्हापुरात हे सगळं जून ते सप्टेंबर वेगळं वागतं. पाऊस लागला की कागद ओल ओढतो. करड्या प्लास्टिकला त्यानं काही होत नाही, डिकलला मात्र होतं. डिकलचा मागचा कागद वाकतो, वरचा गोंद सुटायला लागतो आणि मधला पातळ कागद कायमचा चिकटून बसतो. एकदा चिकटला की तो काढताना छापच निघून येते. त्यामुळे डिकल प्लास्टिकमध्येच ठेवायचे. किटमधली कापलेली पिशवी घ्या, आत डिकल आणि 2 ग्रॅमची सिलिका जेलची पुडी टाका, तोंड दोनदा दुमडून चिकटपट्टी लावा. बूट, औषधं, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्या खोक्यातून अशा पुड्या घरात येतच असतात, विकत घ्यायची गरज नाही. डिकल पितळी फोटो-एचच्या, म्हणजे आम्लानं कोरलेल्या बारीक पार्टांच्या, पत्र्याबरोबर एकाच पिशवीत घालू नका, पत्र्याची धार त्यावर रेघा ओढते.

कोणतं प्लास्टिक काय आहे हे कळलं तर पुढचं सोपं जातं. रनरवर बारीक अक्षरात कधी पीएस (पॉलिस्टायरीन), कधी एबीएस (त्याच्याच जातीचं जास्त चिवट प्लास्टिक), कधी पीई (पॉलिथिन) असं कोरलेलं असतं. नसेल तर मिठाच्या पाण्याची परीक्षा करा. एका ग्लासात साधं पाणी घ्या. दुसऱ्यात 200 मिलिलिटर पाण्यात 55 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. दोन्हींत साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत. नखाएवढा तुकडा चिमट्यानं पाण्याखाली दाबून सोडा. साध्या पाण्यात तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. साध्या पाण्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात वर आला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस. दोन्हींत बुडाला तर पीव्हीसी किंवा पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. पॉलिस्टायरीन आणि एबीएस यांची घनता जवळपास सारखी असल्यामुळे ही परीक्षा त्यांना वेगळं करत नाही. तिथं शुद्ध ॲसिटोनचा एक थेंब मदत करतो. एबीएस त्यात नीट विरघळतं. पॉलिस्टायरीन नुसतं फुगून चिकट गोळा होतं.

ब्लिस्टर पॅकिंगचं कडक पारदर्शक प्लास्टिक बहुतेक पेट किंवा पीव्हीसीचं असतं. 1/35 मधल्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापातल्या, ट्रकच्या सपाट खिडक्या त्याच्या 0.2 ते 0.3 मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून सुरेख निघतात. किटमधल्या जाड खिडकीपेक्षा त्या खऱ्या काचेसारख्या दिसतात. मात्र मॉडेलचं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ गोंद, पेटला जोडत नाही. लाकडासाठी मिळणारा पांढरा पीव्हीए गोंद वापरा. इन्स्टंट ग्लूनं जवळच्या काचेवर धूर बसतो. पीव्हीसी काही वर्षांत पिवळं पडतं, म्हणून खिडक्यांसाठी पेटच घ्या आणि पीव्हीसीचा उपयोग रंगाच्या स्टेन्सिलसाठी करा.

आता रनर.

त्याचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे भरावासाठीचं लिक्विड स्प्रू, म्हणजे सिमेंटमध्ये विरघळवलेला रनर. टमियाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटची 40 मिलिलिटरची बाटली अर्धी झाली की त्या उरलेल्या 20 मिलिलिटरमध्ये हे करायचं, म्हणजे बाटली आणि ब्रश दोन्ही वाया जात नाहीत. त्या सिमेंटमध्ये ॲसिटोन आणि ब्यूटिल ॲसिटेट असतं. रनर धुऊन पूर्ण वाळवा आणि नीपरनं, म्हणजे पार्ट कापायच्या पक्कडीनं, दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करा. आधी 3 ग्रॅम टाका, झाकण घट्ट लावून एक रात्र ठेवा, सकाळी हलवा. अजून पातळ असेल तर एकेक ग्रॅम वाढवा. 5 ग्रॅमपर्यंत काकवीसारखं घट्ट होतं आणि जोडाच्या फटीसाठी तेवढंच पुरतं. एकदम जास्त टाकलं तर खाली चिकट गोळा बसतो आणि वर पातळ सिमेंट तरंगतं. मग आठवडाभर हलवलं तरी ते एकजीव होत नाही.

यात चुका ठरलेल्या असतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं तेल, सुगंध आणि पाणी यांमुळे भराव वाळतच नाही. शुद्ध ॲसिटोनही एकटं पुरेसं नाही, कारण वर लिहिलंय तसं पॉलिस्टायरीन त्यात नुसतं फुगतं. रंग लागलेला किंवा चांदीसारखा मुलामा दिलेला रनर टाकला तर त्याचे कण फटीत दिसत राहतात. रनर त्याच किटचा असेल तर भराव पार्टाच्या रंगाचा आणि तितकाच कडक होतो. रेघ कोरताना ब्लेड घसरत नाही, बाजारच्या पुट्टीत ते घसरतं. पारदर्शक रनर किंवा थर्माकोल टाकलं तर विरघळतं छान, पण त्यात रबर नसल्यामुळे भराव ठिसूळ होतो आणि घासताना कडेनं तुकडे उडतात. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. ज्या मखरांवर महाराष्ट्रानं मार्च 2018 मध्ये बंदी आणली, ती आणि किटचे पार्ट एकाच घराण्यातले.

भराव एकदम जाड भरू नका. सिमेंट उडून जाताना तो आक्रसतो आणि मधे खळगा पडतो. पातळ थर द्या, 24 तास थांबा, मग दुसरा द्या. घासायच्या आधी 48 तास. पंखाच्या मागच्या पातळ कडेवर जास्त लावलं तर खालचं प्लास्टिकच मऊ होतं आणि कड वाकते. तिथं टाचणीच्या टोकानं लावावं. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, स्वयंपाकघरापासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. वाफ लगेच पेट घेते.

दुसरा उपयोग ताणलेल्या रनरचा. अँटेना, जहाजाची दोरखंडं, रणगाड्यावरची वायर यांसाठी. दहा सेंटिमीटरचा सरळ तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरून सतत फिरवा. मधला भाग चकाकला आणि लवायला लागला की ज्योतीवरून बाजूला घ्या आणि मग ओढा. ज्योतीवर असतानाच ओढलं तर तुटतो. हळू ओढला तर जाड काडी मिळते, झटकन ओढला तर केसासारखी तार. ओढून झाल्यावर सोडू नका, दहा सेकंद ताणूनच धरा, नाहीतर वाकडी होते. काळा धूर निघाला म्हणजे रनर ज्योतीत गेला. तो तुकडा टाकून द्या आणि धूर श्वासात घेऊ नका.

1/35 च्या डायोरामाला पडक्या भिंतीचा ढिगारा लागतो. आपल्याकडची नऊ इंची वीट 230 बाय 115 बाय 75 मिलिमीटरची धरली तर 1/35 मध्ये ती साडेसहा बाय सव्वातीन बाय दोन मिलिमीटर होते. तीन मिलिमीटर जाडीचा रनर एका बाजूनं दोन मिलिमीटरपर्यंत घासा आणि साडेसहा मिलिमीटरवर खुणा करून कापा. एका मध्यम किटच्या रनरमधून शेकड्यानं विटा निघतात. गोल रनर असेल तर दोन बाजू जास्त घासाव्या लागतात, तो वेळ मोजून मगच हात घाला. रंगाची चाचणी, रंग ढवळायची काडी, विमानाच्या पोटात आतून द्यायचा टेकू, यासाठी रनर लागतोच, पण त्यात फार संपत नाही.

उरलेल्याचं काय? भंगारवाला पाण्याची बाटली घेतो, रनर बहुतेक वेळा घेत नाही, कारण थोडाथोडा येतो आणि ओळखू येत नाही. मी म्हणेन, एकट्यानं हे जमत नाही, चार-पाच जणांनी मिळून पोतं भरावं. किटमागे 100 ते 150 ग्रॅम रनर धरला तर 10 किलोला सत्तर ते शंभर किटं लागतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मोल्डिंगवाल्यांकडे विचारायला जायचं असेल तर माल असा हवा: एकाच जातीचं प्लास्टिक, शक्यतो एकाच रंगाचं, रंग, गोंद, पिन, फोटो-एच काही नसलेलं. एबीएस आणि पॉलिस्टायरीन मिसळलं तर नवा माल ठिसूळ होतो. एक विनाइल टायर चुकून गेला तर तापल्यावर पीव्हीसीतून आम्लाची वाफ निघते आणि यंत्राचा स्क्रू गंजतो. म्हणूनच कोणी मिसळलेला माल घेत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. पोत्याच्या तोंडावर जात आणि रंग लिहिलेली चिठ्ठी बांधा.

जपानमध्ये बांदाईनं 2021 पासून गनप्लाचे, म्हणजे गंडम या यंत्रमानवांच्या किटचे, रनर गोळा करायला पेट्या ठेवल्या आणि त्यातल्या प्लास्टिकची काळ्या रंगाची किटं काढली. काळ्याच का, तर सगळे रंग मिसळल्यावर दुसरा रंग धरत नाही. आपल्या पोत्यातला मिश्र रंगाचा माल गेलाच, तर तो काळ्या वस्तूसाठीच जाईल, हे धरून चाला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. रनर किंवा पिशव्या बंबात घालू नका. पाणी तापवायला बंबात काहीही सारायची सवय पुष्कळ घरांत आहे. पॉलिस्टायरीन जळताना दाट काळा धूर आणि काजळी देतं, पीव्हीसी आम्लाचा धूर देतं, आणि तो धूर आंघोळीला रांगेत बसलेल्या पोरांच्या नाकात जातो. पोतं भरणार नसेल तर रनर सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत बांधून महापालिकेच्या टिपरमध्ये द्या. सुटा टाकला तर गटारातून जयंती नाला आणि तिथून पंचगंगा, हा रस्ता ठरलेला आहे.

किट कुरिअरनं मागवत असाल तर पॅकिंगचा खरा ढीग तिथं येतो. 40 बाय 30 बाय 8 सेंटिमीटरचं खोकं, त्याच्या घनसेंटिमीटरांना 5000 नं भागलं तर कुरिअरवाले ज्यावर पैसे लावतात ते आकारमानाचं वजन 1.92 किलो होतं, आणि आत प्लास्टिक असतं 350 ग्रॅम. म्हणजे पैसे हवेचे जातात आणि ती हवा भरायला बबल रॅप लागतं. तिघांनी एकत्र मागवलं तर तीन खोकी एकावर एक बसतात, मधली भरती लागतच नाही. विक्रेत्याला ऑर्डरबरोबरच लिहा: पाच पदरी पुठ्ठ्याचं खोकं, चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर जागा, त्यात चुरगाळलेला कागद, थर्माकोलचे दाणे नकोत. आपण कुणाला पाठवताना कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे काटकोन लावा, मार कोपऱ्यावरच बसतो. कागदी गोंदपट्टी कोरड्या दिवसांत उत्तम, पण जुलैत ती भिजून सुटते. तेव्हा बाहेरून एक जुनी जाड प्लास्टिक पिशवी चढवा आणि घेणाऱ्याला ती परत वापरायला सांगा.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, भरपूर निघतो आणि बगॅसच्या लगद्याच्या ताटल्या-ट्रे बाजारात मिळतात. 1/72 च्या लहान चौकटी अशा ट्रेमध्ये बसतात. कॅनोपी तिच्या पिशवीसकट एका कप्प्यात ठेवता येते आणि दुसरा ट्रे वर उपडा घातला की बबल रॅप लागत नाही. ट्रेचे बारीक तंतू सुटतात, म्हणून पार्ट रंगवायच्या आधी ब्रशनं झाडून घ्या. पावसाळ्यात ट्रे ओल धरतो, तेव्हा डिकल त्यात ठेवू नका.